दहा मीटरसाठी अचूक एअर रायफल: टेस्ट कार्डावर किती भरवसा ठेवावा?

चेंबूरची_आई
मुलगी 14 वर्षांची आहे, वरळीच्या रेंजवर क्लबच्या रायफलीवर सराव करते. आता स्वतःची घ्यायची आहे. एक पर्याय स्प्रिंगची नवी रायफल, 4.5 मिमी, दुर्बिणीसकट. दुकानदार म्हणतो, ‘हंटिंग मॉडेल आहे, वेग 300 मीटर प्रति सेकंद, म्हणून अचूक.’ दुसरा पर्याय 2014 ची वापरलेली जर्मन पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल. तिच्यासोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड, म्हणजे तिथं चाचणीत मारलेलं लक्ष्य, आहे, पाचही शॉट एकाच भोकात. कोणती घ्यावी?

पीपसाइट
ताई, स्प्रिंगची नकोच. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि 10 मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. शिवाय वेग म्हणजे अचूकता नव्हे. स्पर्धेतल्या रायफली 170-175 च्या वेगानंच मारतात. स्प्रिंगमध्ये पेलेट (छर्रा) नळीत असतानाच पिस्टन पुढे धडकतो आणि रायफल हलते. पकड जराशी बदलली की शॉट दुसरीकडे जातो.

दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. पेलेटची कड त्याला लागली तरी दहा मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. त्याहून दूर गेला की दर पाव मिलिमीटरला 0.1 गुण कमी.

टेस्ट कार्ड खोटं नसतं. पण ते शिकंज्यात आवळलेल्या रायफलीचं, त्या दिवशीच्या पेलेट-बॅचचं आणि नव्या नळीचं असतं.

गेज_200
जर्मन रायफल बघायला जाल तेव्हा आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला बहुतेक जर्मन कंपन्या 10 वर्षांची मुदत देतात. 2014 चा असेल तर तो संपला. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करून घ्या. मुदत संपलेला सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरून मुलीच्या गालाशेजारी ठेवायचा नाही, यात तडजोड नको.

मग क्रोनोग्राफवर (शॉटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) 10 शॉट. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात 3 मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त फरक नको. 10 मीटरवर तेवढ्यानंच शॉट साधारण अर्धा मिलिमीटर वर-खाली होतो, म्हणजे 0.2 गुण. त्यानंतर पाच मिनिटं थांबून एक शॉट मारा. तोच एकटा वेगळ्या वेगाचा आला तर रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) गळतोय, त्याचे सील बदलावे लागतील.

शेवटी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप काढा, निदान तीन वेगळ्या पेलेटनी. 4.49, 4.50, 4.51 असे डोक्याचे माप डब्यावर छापलेले असते. सपाट डोक्याचे, 0.53 ग्रॅमच्या आसपासचे घ्या. ग्रुपची बाहेरून बाहेर रुंदी 7 मिमीच्या आत आली तर नळी चांगली. ग्रुप उभा पसरला तर संशय वेगावर, आडवा पसरला तर रायफल कलते आहे. दोन वेगळे पुंजके दिसले तर स्टॉकचा (दस्त्याचा) स्क्रू किंवा डायऑप्टर (नेम धरायची मागची भोकाची साइट) सैल आहे.

चेंबूरची_आई
धन्यवाद, हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिला वजन झेपेल का?

पीपसाइट
नियमाची कमाल मर्यादा 5.5 किलो. तिला 4 किलोच्या आसपासची पुरे. विकणाऱ्यासमोर तिला उभं करून बघा: बटप्लेट (दस्त्याचं मागचं टोक) खांद्यात बसली की मान पुढे न ताणता डोळा डायऑप्टरच्या मागे यायला हवा. चीकपीस (गाल टेकवायचा भाग) सर्वांत खाली आणूनही मान वाकडी होत असेल तर ती रायफल तिची नाही, ग्रुप कितीही देखणा असो.

गेज_200
कागदपत्रांचंही बघा. 20 ज्यूलच्या आतल्या, 4.5 मिमीच्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही, तरी मूळ पावती मागा.

पावसाळ्यात केसमधल्या फोममध्ये रायफल पडून राहू देऊ नका. रेंजवरून लोकलनं घरी आल्यावर फोम आतून दमट झालेला असतो आणि नळीच्या तोंडाशी दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. घरी पोचलं की बाहेर काढून पुसा, केस उघडी वाळू द्या, आत सिलिका जेल ठेवा. नळी साफ करायला आत फक्त फेल्टचे पेलेट फिरवा, तारेचा ब्रश कधीच नाही.