मदत हवी आहे: अण्णांना राजवाड्यापर्यंत एकटं सोडावं का? (सातारा)

नमस्कार मंडळी,
अण्णांना (वय ६८) चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात. डावं पाऊल नीट उचलत नाही, त्यामुळे पाय बाजूने फिरवून टाकतात. डाव्या बुटाचं टोक घासून पार पांढरं पडलंय.

परवा फिजिओने दहा मीटर चालवून वेळ घेतली: १६ सेकंद. पहिल्यांदा २७ लागले होते, त्यामुळे स्वारी जाम खूश. "आता संध्याकाळी राजवाड्यावर जाऊन बसतो, तू मागं मागं येऊ नकोस!"

वाचलं त्यावरून सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली वेग म्हणजे घरातल्या घरात, ०.४ ते ०.८ म्हणजे बाहेर बेताबेताने, त्यापुढे मोकळं फिरणं. अण्णा ०.६ च्या पुढे आहेत. पण ते गुळगुळीत फरशीवर, मध्ये कुणी न येता. आमचं घर किल्ल्याच्या अंगाला, आणि साताऱ्यात चढ-उतार काय असतो ते सांगायला नको. काल दारासमोर खडूने दहा मीटर आखून मोबाईलवर वेळ लावली. चढताना २४ सेकंद. उतरताना २१, पण गुडघा असा मागे जातो की बघवत नाही.

शिवाय शेजारच्या काकूंनी "बरं आहे का अण्णा?" विचारलं की आधी थांबतात, मग बोलतात; चालता चालता बोलणं जमत नाही. वाटेत ओळखीचे कमी का भेटणार आहेत?
घरी अजून काय तपासून बघू?

प्रतिसाद १:
मी फिजिओ आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून परत बसायला लावा. घड्याळापेक्षा वळताना पावलं कशी पडतात ते बघा. मग तेच वीसपासून उलटे आकडे म्हणत. वेळ फार वाढली तर गर्दीत एकटं नको. तुम्ही डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. आणि डावीकडून गाडी आली तर त्यांचं लक्ष जातं का? डावी बाजू गेलेल्या काहींना नजर शाबूत असूनही डावीकडचं जाणवत नाही. तसं असेल तर वेग कितीही वाढो, रस्त्यावर एकटे नकोत. फिजिओला आणि डॉक्टरांना सांगाच.

धागाकर्ता:
आभारी आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन-तीनदा ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहिली होती. आई म्हणाली, तिखट झाली असेल.