लोकर, दोरे, सुया आणि उरलेसुरले गुंडे: तुम्ही काय, कुठे आणि कसं ठेवता?

विणकामाचं सामान कधी वाढलं ते कळत नाही. स्वेटर संपला की दीड गुंडा उरतो, टेबलक्लॉथ संपला की दोन रिळं. दिवाण भरला की पिशवी माळ्यावर जाते आणि माळ्यावर गेलेलं विसरून तोच रंग पुन्हा विकत आणला जातो. किती साठलंय ते इथे नको. डबा कोणता, वर्गवारी कशी, पावसाळ्यात काय करता, काय बिघडतं आणि का बिघडतं, तेवढं सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

पुणे, स्वेटर आणि शाली

रंगाप्रमाणे लावू नका. कपाट उघडल्यावर छान दिसतं हे खरं, पण पांढऱ्याच्या ढिगात ॲक्रिलिक, सूत आणि मरीनो (मेंढीची मऊ लोकर) एकत्र पडतात. या तिघांचे शत्रू वेगळे आहेत. कसर खऱ्या लोकरीवर आणि रेशमावर येते, बुरशी सुतावर पहिली येते, ॲक्रिलिकला दोन्हींचं फारसं काही वाटत नाही, ते फक्त धूळ आणि इस्त्रीला घाबरतं. म्हणून आधी धाग्याची जात, मग जाडी, रंग सगळ्यात शेवटी. माझे चार डबे आहेत: लोकर-रेशीम, सूत, ॲक्रिलिक, आणि चौथा ‘माहीत नाही’. मिश्र धाग्यात २० टक्केच लोकर असली तरी तो लोकरीच्या डब्यात.

आपल्याकडे गुंडा दिसला की त्याला लोकरच म्हणतात, त्यामुळे हा ‘माहीत नाही’ डबा भराभर भरतो. त्यावर उपाय म्हणजे जाळून बघणं. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाण्याची वाटी. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला केली की विझते, आणि राख बोटांत चुरडते. रेशीमही तसंच वागतं. सूत कागदासारखं पेटतं, विझल्यावरही लाल ठिणगी पुढे सरकत राहते, राख मऊ आणि करडी. ॲक्रिलिक वितळत पेटतं, काळा धूर सोडतं आणि थंड झालं की टोकाला कडक काळा मणी राहतो. केसांचा वासही आला आणि मणीही झाला, तर धागा मिश्र.

जाडी कळत नसेल तर पट्टीवर एक इंच धागा शेजारी शेजारी गुंडाळा, ओढायचा नाही, एकावर एक चढवायचा नाही, आणि वेढे मोजा. १४च्या आसपास आले तर फिंगरिंग (बारीक), ११ला डीके (मध्यम), ९ला वर्स्टेड (मध्यमहून जाड), ७ला जाड. आलेला आकडा चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी गुंड्यात खोचून ठेवायची.

दापोली, सुती क्रोशे

कोकणात खरा प्रश्न ‘डबा हवाबंद हवा का’ हा नाही, ‘डबा कधी बंद केला’ हा आहे. धागा स्वतःच पाणी धरून बसतो. साध्या हवेत सुताच्या वजनात साधारण ८ टक्के, लोकरीत १५-१६ टक्के पाणी असतं, ॲक्रिलिकमध्ये जेमतेम दीड. लोकर तर वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊनही हाताला कोरडी लागते. आता जुलैत ३ किलो सूत डब्यात भरून झाकण घट्ट लावलं, तर पावशेराहून जास्त पाणी आपणच आत कोंडलं की!

त्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या म्हणून काही होत नाही. १०० ग्रॅम जेल फार तर ३० ग्रॅमच्या आसपास पाणी घेतं. ते डब्यातली हवा सांभाळायला, ओला धागा सुकवायला नाही. वापरायचंच असेल तर नारिंगी खडे घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर पातळ पसरून दोनेक तास. हा ट्रे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

क्रम असा: ऑक्टोबरची उन्हं लागली की सगळं सूत चटईवर सावलीत पसरायचं, दोन दिवस पंखा, मधे एकदा गुंडे उलटायचे. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, हवा सगळ्यात कोरडी असते तेव्हा भरायचं. सकाळी भरायचं नाही, सकाळच्या हवेत दव असतं. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. जून ते सप्टेंबर मोठा डबा उघडायचाच नाही. चालू कामाचे गुंडे मे महिन्यातच वेगळ्या पिशवीत काढायचे. डबा बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून पाटावर. आत आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ ठेवता आलं तर उत्तम, काटा ६०च्या पुढे गेला की वाळवायची वेळ झाली.

कुबट वास आला पण डाग नाहीत, तर सूत धुऊन उन्हात वाळवलं की सुटतं. काळे ठिपके पडले की ते जात नाहीत. तो गुंडा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा.

मँचेस्टर, हातरंगाईची खरी लोकर

इकडे बुरशीपेक्षा कसर जास्त. उडणारा बारीक सोनेरी पतंग काही खात नाही, त्याच्या अळ्या खातात, आणि त्यांना अंधार नि शांतता लागते. त्यामुळे वर्षभर न हलवलेला तळाचा गुंडा पहिला जातो. ओळखायच्या खुणा: रेशमासारखी जाळी, वाळूसारखे दाणे (दाण्यांचा रंग लोकरीचाच असतो, म्हणून नजरेतून सुटतात), आणि गुंडा उलगडताना दर दीड-दोन हातांवर तुटणारा धागा.

एक गुंडा सापडला की पूर्ण डबा बाधित धरायचा. प्रत्येक गुंडा झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, उणे १८ अंशांवर दोन आठवडे. पिशव्या सुट्या सुट्या ठेवा, दाबून भरलेल्या ढिगाच्या मध्यापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच. नाहीतर गार लोकरीवर पाणी धरतं. तोवर कपाटाच्या फटी व्हॅक्यूमने साफ करा आणि त्याची पिशवी घराबाहेर टाका. घरच्या फ्रिजचं दार सारखं उघडत असेल तर दोनऐवजी तीन आठवडे धरा.

वेखंडाबद्दल: मलमलच्या पुरचुंडीत तुकडे ठेवायला माझी ना नाही, मीही ठेवते. पण वासाने पतंग दूर राहील इतकंच; आत असलेली अंडी मरत नाहीत, आणि सहा महिन्यांत वास उडतो. कडुनिंबाचा पाला ठेवणार असाल तर हातात चुरा होईल इतका वाळलेला हवा. अर्धवट वाळलेला पाला म्हणजे डब्यात ओल नेऊन ठेवणं.

डांबराच्या गोळ्या मात्र बाळाच्या विणकामाच्या लोकरीजवळ नकोत. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि ही कमतरता बहुधा आधी माहीत नसते. शिवाय काही प्रकारचं प्लॅस्टिक त्याने मऊ पडतं, बटणंसुद्धा.

डोंबिवली, उरलेल्या गुंड्यांचा हिशोब

वन बीएचकेमध्ये डब्यांपेक्षा साडीची कव्हरं सोयीची. पुढून पारदर्शक, मागून न विणलेलं कापड, त्यामुळे आतलं दिसतं आणि थोडी हवा खेळते. कपाटात पुस्तकासारखी उभी लावायची, चेनची बाजू वर. हे सुतासाठी आणि ॲक्रिलिकसाठी. खरी लोकर यात नको, चेनच्या टोकाच्या फटीतून अळी आरामात जाते. उंदीर असतील तर हेही नको, सरळ पत्र्याची ट्रंक.

उरलेला गुंडा पुरेल का, हे नजरेने ठरवू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. लेबलवर ५० ग्रॅम आणि १२० मीटर असेल तर एका ग्रॅमला २.४ मीटर. ३१ ग्रॅम उरलंय, म्हणजे ७४ मीटर. सुया-विणकामात एका ओळीला विणायच्या पट्टीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. ४० सेंटिमीटरच्या पट्टीला १२० सेंटिमीटर, म्हणजे ६० ओळी. टाके बंद करायला चौपट धरा. म्हणून ५५ ओळींवर थांबायचा विचार करायचा. वर दापोलीच्या ताईंनी पाण्याचं सांगितलंय ते इथेही लागू आहे: भर पावसात खरी लोकर चार-पाच टक्के जड भरते, तितके मीटर प्रत्यक्षात नसतात.

लेबल फेकायचं नाही. शेड नंबर (रंगाचा) आणि लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या घाण्याचा) दोन्ही हवेत. शेड तोच पण लॉट वेगळा असेल तर दिव्याखाली सारखा दिसतो आणि स्वेटरच्या पाठीवर उन्हात पट्टा उठून दिसतो. लॉट बदलावाच लागला तर जोडाच्या ठिकाणी आठ-दहा ओळी दोन्ही धागे दोन-दोन ओळींनी आलटून पालटून विणा. वहीत एका ओळीत: जात, जाडी, शेड, लॉट, ग्रॅम, कव्हर क्रमांक. ग्रॅम पेन्सिलने, ते सारखे बदलतात.

१० ग्रॅमच्या आतलं काहीही मी वहीत चढवत नाही. ते सगळं एका बरणीत, आणि बरणी भरली की गोधडीच्या चौकोनांना.

नाशिक, सुया

आईच्या, आजीच्या सुयांवर फक्त ८, १०, १२ असे आकडे असतात. ते जुने इंग्लिश नंबर, आकडा वाढला की सुई बारीक. १४ म्हणजे २ मिमी, १२ म्हणजे २.७५, ११ म्हणजे ३, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५ मिमी. अमेरिकन नमुन्यात ‘८ नंबर’ लिहिलेलं असतं तेव्हा ती ५ मिमीची सुई असते. घरातली ८ घेतली तर स्वेटर एका मापाने लहान होतो. म्हणून भोकांची मापपट्टी घ्या, प्रत्येक जोडी त्यातून घाला आणि मिमीत मांडा. सरळ सुया उभ्या डब्यात टोकं वर करून. गोल सुया (दोन टोकं तारेने जोडलेल्या) रिंग फायलीतल्या प्लॅस्टिकच्या पानांत, एका पानात एक माप. तार वळून बसली तर मिनिटभर गरम पाण्यात धरून सरळ करा.

लोखंडी टाचण्या आणि शिवणाच्या सुया फोममध्ये खोचून ठेवू नका. फोम ओल धरतो, गंज चढतो, आणि पांढऱ्या सुतावर आलेला गंजाचा डाग साबणाने निघत नाही.

कोल्हापूर, भरतकाम

सहा पदरी रेशमाची लडी (नावाला रेशीम, असतं सूतच) बहुतेक ८ मीटरची असते. कार्डावर गुंडाळताना आधी नंबर लिहा, मग गुंडाळा. उलटं केलं की हातात चार गुलाबी आणि एकही नंबर नाही. घट्ट गुंडाळलं तर घड्या पडतात आणि टाके चपटे बसतात. ओलसर बोटांतून एकदा ओढून घेतलं की सरळ होतं. कार्ड पुठ्ठ्याचं असेल तर जाड पांढरं घ्या. तपकिरी पुठ्ठ्याने पांढरा धागा दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो.

जर सगळ्यात नाजूक. चांदीची किंवा तांब्याची जर गंधकाने काळी पडते, आणि रबर बँडमध्ये गंधक असतो. आपल्या उन्हाळ्यात तो बँड वितळून चिकटतो ते वेगळंच. त्यामुळे रबर नाही, अत्तर नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत. जुन्या, खूप वेळा धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची. नव्या कापडात खळ असते, तिच्यावर किडे येतात. चमकणारी प्लॅस्टिकची जर काळी पडत नाही, पण ती खऱ्या जरीच्या पुडीत मिसळू नका. इस्त्रीखाली आकसते आणि तोवर ओळखू येत नाही.

नागपूर

थोडक्यात. मे महिन्यात गच्चीखालच्या माळ्यावर ग्लू स्टिक, इलॅस्टिक आणि फॅब्रिक पेंट नकोत. काड्या एकमेकींना चिकटतात, इलॅस्टिकचा ताण जातो, रंगावर साय धरते. इलॅस्टिकच्या रिळावर खरेदीचा महिना लिहा आणि वापरण्याआधी वीतभर ताणून सोडा. परत मूळ लांबीवर आलं नाही तर टाकून द्या.

ठाणे, लड्या

लडी वापरायची नसेल तर तिचा गुंडा करूच नका, पीळ घालून तशीच ठेवा. गुंड्यात धागा ताणलेला राहतो, ताणलेला धागा विणला जातो, आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आटतो. गुंडा करायचाच तर चार बोटं गुंड्यात धरून त्यांच्यावरून गुंडाळा आणि दर वीस-पंचवीस वेढ्यांनी बोटं काढून दिशा बदला. बोटं काढल्यावर जी जागा राहते तेवढा धागा सैल बसतो.

उलगडताना लडी आधी दोन खुर्च्यांच्या पाठींवर चढवायची, ताठ करायची, आणि मगच बांधलेले दोरे कापायचे. दोरे कापायच्या आधी सगळे मोजा. एखादा धाग्याच्याच रंगाचा असतो आणि गाठ तिथेच अडते. अडलंच तर ओढायचं नाही. लडीत दोन्ही हात घालून बाहेरच्या बाजूला दोन-तीन हलके झटके द्या. वेढे जागेवर बसतात आणि मोकळं टोक वर येतं.