सल्ला हवा: क्वांटम आणि वैज्ञानिक वास्तववाद, कुठून सुरुवात करू?

उंबरठा:
पदवीपर्यंत भौतिकशास्त्र झालंय. श्रोडिंजरचं समीकरण (क्वांटमचं पायाभूत समीकरण) सोडवता येतं, पण ते नेमकं कशाबद्दल आहे हे कुणी शिकवलं नाही. विज्ञान सांगतं त्या न दिसणाऱ्या गोष्टीही खरोखर असतात, असं मानणारा मी वास्तववादी; म्हणजे इलेक्ट्रॉन खराखुरा आहे असं मी मानतो. मग मोजण्याआधी त्याला ठरावीक जागाच नसते, हे कसं पचवायचं? काय वाचू? 'जाणीवच विश्व घडवते' छापाचं काही सुचवू नका, प्लीज.

तिरकसराव:
तत्त्वज्ञान नंतर. आधी डेव्हिड मर्मिन यांचा 'फिजिक्स टुडे'मधला १९८५चा लेख वाचा. एका उगमातून दोन कण दोन यंत्रांकडे जातात, प्रत्येक यंत्राला तीन खटके. दोन्हीकडे एकच खटका असेल तर दिवे कायम एकाच रंगाचे लागतात. साहजिकच वाटतं, कण उत्तरं ठरवूनच निघाले असणार. तसं असेल तर खटके वेगळे असताना निदान एक तृतीयांश वेळा रंग जुळले पाहिजेत. क्वांटमनुसार जुळतात एक चतुर्थांश! आठही शक्यता स्वतः कागदावर मांडा, नुसतं वाचून सोडू नका. मग भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांचा १९६४चा मूळ निबंध सोपा जाईल; कण उत्तरं ठरवून निघत असतील आणि दुरून एकमेकांवर परिणाम करत नसतील, तर निकालांच्या जुळण्यावर मर्यादा येते, हे त्यांनीच दाखवलं.

आणि हो, 'मोजण्याआधी जागा नसते' हाही एक अन्वयार्थच. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या १९५२च्या मांडणीत कणाला जागा कायम असते.

गणूमास्तर:
पण २०२२चं नोबेल वास्तववाद मोडीत काढल्याबद्दलच होतं ना?

तिरकसराव:
बातम्यांचे मथळे तसे होते खरे. आस्पे, क्लाउझर, त्सायलिंगर यांच्या प्रयोगांत बेलची मर्यादा ओलांडली गेली. त्यातून बाद झाले ते 'स्थानिक छुपे चल', म्हणजे कणांनी सोबत नेलेली, दूरच्या घटनेचा तत्काळ परिणाम न होणारी ठरलेली उत्तरं. बोम शाबूत आहेत, कारण त्यांनी स्थानिकता आधीच सोडली होती.

रिकामटेकडी:
वास्तववाद्याची खरी अडचण वेगळीच आहे. बोम म्हणतात कण आणि त्यांना नेणारी लाट (श्रोडिंजरच्या समीकरणातली). एव्हरेट (१९५७) म्हणतात फक्त लाट, आणि सगळेच निकाल घडतात. प्रयोगाची भाकितं तीच! मग सिद्धांत यशस्वी आहे म्हणून खरा मानायचा, तर यातला कुठला? म्हणून तत्त्वज्ञ व्हॅन फ्रासन (१९८०) वाचाच. सिद्धांत निरीक्षणांशी जुळतो एवढंच माना, अदृश्याबद्दल हमी देऊ नका, असं ते म्हणतात. मला पटत नाहीत, पण त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

उंबरठा:
दोघांचेही आभार. मर्मिनपासून सुरू करतो. बोम आइन्स्टाइनच्या सापेक्षतेशी जुळतात का?

तिरकसराव:
तिथेच घोडं अडतं. घटना एकाच क्षणी घडल्या हे ठरवायला त्यांना एक खास संदर्भचौकट लागते, प्रयोगात कधीच न दिसणारी; सापेक्षतेत तर अशी खास चौकट नसतेच. त्यासाठी वेगळा धागा काढा.