मदत हवी: वापरलेल्या फिशिंग बोटीची डिझेल इंजिनं तपासून घेताना नेमकं काय बघावं?

मनस्क्वानकर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत मनस्क्वान इनलेटजवळच्या एका मरिनात ३५ फुटी स्पोर्ट फिशिंग बोट बघून आलोय. बांधणी १९९९ ची, आत दोन कमिन्स ६बीटीए ५.९, प्रत्येकी ३७० अश्वशक्ती. दोन्ही मीटरवर १,४५० तासांच्या आसपास आकडा आहे. मी आणि माझा मेव्हणा मिळून घेतोय. उन्हाळ्यात ट्यूनासाठी हडसन कॅन्यन या समुद्राखालच्या दरीपर्यंत जायचं मनात आहे. तिथून किनारा ऐंशी मैलांच्या आसपास, आणि बोटीवर बायका-मुलंही असणार. त्यामुळे केबिन, रंग, गाद्या यांचं मला काही वाटत नाही. इंजिनांबद्दल मात्र खात्री झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

मालकाने स्वतः इनलेटबाहेर एक छोटी फेरी मारून दाखवली. पूर्ण थ्रॉटलला उजवं इंजिन मिनिटाला २,९४० फेऱ्यांपर्यंत गेलं, डावं २,७६० ला अडकलं. या मॉडेलचे ठरलेले फेरे ३,००० आहेत. डाव्याचं तापमानही उजव्यापेक्षा १५ अंश फॅरनहाइटने जास्त दिसत होतं. मालकाचं म्हणणं, बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्या लागल्यात, बूड घासलं की सगळं ठीक होईल. मला प्रश्न पडला की बूड तर दोन्ही इंजिनांना एकच आहे. घाण हेच कारण असेल तर दोन्हीचे फेरे सारखेच पडायला हवेत ना?

आणखी दोन गोष्टी खटकल्या. मी पोचलो तेव्हा इंजिनं कोमट होती, म्हणजे माझ्या आधीच चालू करून ठेवलेली. आणि डिपस्टिकवरचं तेल मधासारखं स्वच्छ होतं. डिझेल इंजिनाचं तेल थोडं चाललं तरी काळं होतं, तेव्हा हे नुकतंच बदललेलं असणार. अशा तेलाचा नमुना लॅबला पाठवून काही कळेल का?

बोटीच्या सांगाड्यासाठी मान्यताप्राप्त सर्व्हेअर ठरवलाय. तो म्हणाला, इंजिनं मी फक्त बाहेरून बघतो, त्यासाठी डिझेलचा वेगळा माणूस आणा. तो आणणारच आहे. पण त्याच्याकडून कोणकोणत्या तपासण्या मागायच्या हे मला आधी समजायला हवं. इसार अजून भरलेला नाही. ज्यांनी अशी इंजिनं हाताळली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुना_चीफ

मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये नोकरी झाली. तुमचं इंजिन आकाराने लहान असलं तरी नियम तेच.

तुमची शंका बरोबर आहे. घाणेरड्या बुडाने दोन्ही इंजिनं ओढली जातात. एकच मागे पडत असेल तर दोष त्याच बाजूला शोधायचा. पण त्याआधी डॅशबोर्डवरचा आकडा खरा आहे का ते बघा. जुने टॅकोमीटर (फेरे मोजणारे मीटर) सर्रास चुकतात. पुलीवर परावर्तक पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा. मग एकाने वर लीव्हर पूर्ण पुढे ढकलायचा आणि दुसऱ्याने खाली डिझेल पंपाचा हात शेवटच्या अडणीपर्यंत पोचतो का ते बघायचं. केबल सैल झाल्यामुळे फेरे कमी पडतात आणि लोक इंजिन खोलून बसतात.

त्यानंतर इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल द्या. बिनलोडवर दोन्ही सारखे फेरे देत असतील आणि लोडवर एक मागे पडत असेल, तर धुराकडे बघा. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय, किंवा त्या बाजूच्या पंख्यामुळे (प्रोपेलरमुळे) लोड जास्त येतोय. फेरे कमी आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. मग फिल्टर, टाकीतला सक्शन पाइप, लिफ्ट पंप या क्रमाने बघा.

तेलाबद्दल: नुकत्याच बदललेल्या तेलाचा नमुना जवळपास निरुपयोगी. बदलल्यावर किती तास चाललं ते मालकाकडून लेखी घ्या आणि आधीचे रिपोर्ट असतील तर मागा. रिपोर्टमध्ये लोखंड आणि क्रोमियम एकत्र वाढलेलं दिसलं तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजताहेत. शिसं वाढलं तर बेअरिंगांकडे बघा. सोडियमच्या जोडीला पोटॅशियम असेल तर बहुधा कूलंट तेलात येतंय, मॅग्नेशियम असेल तर समुद्राचं पाणी. मात्र काही तेलांच्या रसायनांतच मॅग्नेशियम असतं, म्हणून त्याच ब्रँडच्या कोऱ्या तेलाचा नमुना सोबत पाठवा. गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने विसरू नका. ते तेल सहसा कोणी बदलत नाही, त्यामुळे तिथे खरी हकिगत सापडते.

मिरकरवाड्याचा

आमचा ट्रॉलर आहे, लेलँडचं इंजिन. कमिन्स आमच्याकडे नाही, पण ५.९ लिटरचा हाच खानदानी ब्लॉक जमशेदपूरला टाटा कमिन्सने बनवला आणि टाटाच्या ट्रकांत घातला, त्यामुळे मेकॅनिक लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

इंजिन थंड असतानाच बघायचं, यात तडजोड नको. सकाळी न सांगता लवकर जा, ब्लॉकला हात लावा आणि तुमच्या समोर चालू करायला सांगा. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर येतो, तो दोन-चार मिनिटांत जायला हवा. गेला नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी किंवा डिझेल फवारणारं नोझल खराब. निळसर धूर राहिला तर तेल जळतंय.

मग बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांमधून खाली निसटणारा दाब. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं नुसतं ठेवा. थोडी फुरफुर सगळ्याच इंजिनांत असते. झाकण उडायला लागलं आणि आतून धूर मारायला लागला तर रिंगा गेल्या. दोन इंजिनं आहेत हा तुमचा फायदाच आहे. एकावर करून बघा, लगेच दुसऱ्यावर करा, फरक डोळ्यांना दिसेल.

तास कमी आहेत म्हणून खूश होऊ नका. वर्षाला पन्नास-पंचावन्न तास म्हणजे इंजिन बहुतेक काळ उभंच आहे. आमची इंजिनं हंगामात रोज चालतात आणि टिकतात. उभ्या इंजिनात खारं पाणी आपलं काम करत राहतं.

बिस्केनचा_बाबू

माझ्याकडे फ्लोरिडात याच इंजिनांची बोट आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय. ६बीटीए ३७० मध्ये सगळ्यात आधी आफ्टरकूलर बघा. टर्बोतून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रातून) येणारी गरम हवा त्यात समुद्राच्या पाण्याने थंड होते. आवरण ॲल्युमिनियमचं, आतल्या नळ्या तांबं-निकेलच्या, टोप्या ब्राँझच्या आणि त्यात खारं पाणी. हे दर दोन-तीन वर्षांनी उतरवून, साफ करून, प्रेशर टेस्ट करून, ग्रीस लावून परत बसवायचं असतं. बरेच मालक वीस-वीस वर्षं हात लावत नाहीत. सील किंवा नळी फुटली की पाणी हवेच्या बाजूला उतरतं आणि तिथून सरळ सिलिंडरमध्ये.

मालकाला विचारा शेवटचं कधी उतरवलं, आणि बिल दाखवायला सांगा. बिल नसेल तर बोल्ट बघा. फॅक्टरीचा पांढरा रंग बोल्टाच्या डोक्यावर आणि सांध्यावर अखंड असेल, तर ते कधीच उघडलेलं नाही.

दुसरी जागा टर्बोच्या मागचा एक्झॉस्ट एल्बो, जिथे धुरात पाणी मिसळतं. तो आतून खाल्ला गेला की पाणी मागे टर्बोत येतं. टर्बोच्या फ्लँजखाली गंजाचे ओघळ दिसले तर एल्बो काढून बघितल्याशिवाय सौदा नको.

सी ट्रायल (समुद्रातली चाचणी फेरी) टाक्या भरून करा. रिकामी बोट हलकी असते, फेरे सहज देते. डिझेल, बर्फ, माणसं भरली की तीच बोट मागे पडते. पूर्ण थ्रॉटल पाच-सात मिनिटं तरी, तापमान स्थिर होईपर्यंत. पूर्ण लोडवर ३,००० किंवा थोडे जास्त फेरे मिळालेच पाहिजेत. मिळत नसतील तर इंजिन रोज ओव्हरलोडमध्ये चालतंय, मग तास कितीही कमी असोत.

इसार इथे साधारण किमतीच्या दहा टक्के असतो. करारात सर्व्हे आणि सी ट्रायल समाधानकारक झाल्यावरच सौदा पक्का असं कलम हवंच. त्यात इंजिन सर्व्हे हे शब्द वेगळे लिहून घ्या. मुदतीच्या आत लेखी नकार दिला की इसार परत मिळतो. बोट पाण्याबाहेर काढण्याचा आणि सर्व्हेअरचा खर्च मात्र तुमचा.

मनस्क्वानकर

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या उत्तरांची छापील प्रत घेऊन डिझेल मेकॅनिकला सोबत नेलं. करारात बाबूंनी सांगितलेले शब्द घालून इसार भरला.

यावेळी इंजिनं थंडगार होती. उजव्याचा पांढरा धूर लवकर गेला, डाव्याचा थोडा रेंगाळला पण गेला. झाकणाची परीक्षा दोन्हीकडे सारखी आणि सौम्य. ऑप्टिकल टॅकोमीटरने कळलं की डाव्याचा डॅशबोर्डवरचा काटा ७० फेरे कमी दाखवतो. पंपाचा हात अडणीपर्यंत जातोय, बिनलोडवर दोन्ही इंजिनं बरोबरीची. तरी टाक्या भरून लोडवर डावं साधारण ११० फेऱ्यांनी मागे राहतं आणि त्याच्याच मागे काळा धूर दिसतो. इन्फ्रारेड थर्मामीटरनेही डावं गरम निघालं, म्हणजे तापमानाचा काटा खोटा नव्हता. बोट वर काढल्यावर दोन्ही पंखे नीट मापात होते.

मग आफ्टरकूलरचे बोल्ट बघितले. दोन्हीकडे रंग अखंड. डाव्याचा हवेचा पाइप काढल्यावर आत पांढरट-हिरवट थर आणि तेलाचा चिकटा दिसला. मेकॅनिकच्या मते दोन्ही तक्रारींचं मूळ इथेच आहे. समुद्राचं पाणी पंपातून आधी आफ्टरकूलरला आणि मग इंजिनाचं कूलंट थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरला जातं. आफ्टरकूलर चोंदला की पाण्याचा प्रवाह घटतो आणि इंजिन तापतं. हवाही गरम आणि कमी मिळते, म्हणून काळा धूर आणि फेरे कमी.

मला आता काळजी आहे ती त्या हिरवट थराची. खारं पाणी सिलिंडरपर्यंत गेलं असेल का, हे इंजिन न खोलता कसं कळेल? मालक दोन्ही आफ्टरकूलर नवे बसवून द्यायला तयार आहे, पण तेवढ्यावर सौदा पक्का करा म्हणतोय.

जुना_चीफ

तेवढ्यावर करू नका. नोझल काढून त्या भोकांतून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला आणि डाव्याचे सहाही सिलिंडर बघा. भिंतीवर गंजाचे डाग, खड्डे, व्हॉल्व्हच्या बैठकीवर खाल्लेली जागा शोधायची. नोझल निघालेली आहेतच तर कॉम्प्रेशनही मोजून घ्या. या इंजिनाला बदलता येणारे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) नाहीत, भोक थेट ब्लॉकमध्येच आहे. सिलिंडर खराब निघाला तर इंजिन बोटीतून उचलून ब्लॉक बोअर करावा लागेल, आणि तो खर्च नव्या आफ्टरकूलरच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे आधी बोरस्कोप, मग आफ्टरकूलर, मग टाक्या भरून पुन्हा सी ट्रायल. दोन्ही इंजिनं ३,००० ला पोचली आणि तापमान सारखं राहिलं, तरच होकार द्या.

यात दिवस जातील, म्हणून कराराची मुदत आजच लेखी वाढवून घ्या. ती संपली तर नकार द्यायचा हक्क जाईल. बोरस्कोपचे फोटो इथे टाका, सिलिंडरचा नंबर प्रत्येकावर लिहून. बघून सांगतो.