मदत हवी आहे: केए-२२ पासिंगची बाइक पुण्यात किती दिवस चालते?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, नोकरीसाठी पुण्यात येऊन दहा महिने झाले. येताना बाबांची १५० सीसी बाइक घेऊन आलो. गेल्या आठवड्यात सिग्नलला मामांनी बाजूला घेतलं. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स सगळं डिजिलॉकरमध्ये दाखवलं, पीयूसी चालू, डोक्यावर हेल्मेट. तरी म्हणाले, "महाराष्ट्राचा टॅक्स कुठाय? पुढच्या वेळी गाडी उचलणार." सोडलं, पण तेव्हापासून तो चौक टाळून लांबून ऑफिसला जातोय.

थोडं वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायचा. इथवर कळलं. पुढचं कळत नाही.

मी दर महिन्याला बाइकनेच घरी जातो. मग बारा महिने दर खेपेला नव्याने मोजायचे का? सिद्ध तरी कसं करू? दुचाकीला टोल नाही, म्हणजे पावतीही नाही. निपाणीच्या पंपावरची पेट्रोलची बिलं चालतील? (हसू नका.)

शिवाय आरसी बाबांच्या नावावर आहे आणि ते बेळगावातच राहतात. मालकाने राज्य सोडलेलंच नाही, मग हे कलम लागतं का?

आणि जाता जाता: मागे बसणाऱ्या मित्रालाही हेल्मेट लागतंच का? दंड कुणी ५०० सांगतं, कुणी १०००.

प्रतिसाद १
मालक कुठे राहतो हे कलम ४७ विचारतच नाही. गाडी कुठे ठेवलीय ते बघतं. तुमची नोकरी पुण्यात, भाडेकरार पुण्यात, गाडी रोज पुण्याच्या पार्किंगमध्ये. शनिवार-रविवार बेळगावला फिरवून आणली म्हणून तिचा मुक्काम हलला, हे माझ्या मते कुणी ऐकून घेणार नाही. पेट्रोलची बिलं राहू द्या.

दोन महिने हातात आहेत, एनओसीला (ना हरकत प्रमाणपत्राला) लागा. बेळगाव आरटीओत फॉर्म २८, त्यावर बाबांची सही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र. चलनं थकली असतील तर आधी भरून टाका, तिथेच गाडं अडतं. मग पुण्यात नव्या नंबरसाठी फॉर्म २७ आणि इथला टॅक्स. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो. कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. कंटाळा करून लोक सोडून देतात, तुम्ही सोडू नका. लायसन्स, इन्शुरन्स आणि पीयूसी मात्र देशभर चालतात, त्यांची काळजी नको.

प्रतिसाद २
हेल्मेटचं सांगतो. कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही. पगडी बांधलेल्या शिखांना तेवढी सूट. १९४ डी मध्ये दंड १००० आणि तीन महिने लायसन्स रद्द असं आहे. पण जागेवर किती घेऊन प्रकरण मिटवायचं ते कलम २०० खाली राज्य ठरवतं. गुजरातने २०१९ मध्येच ५०० केले. म्हणून तुम्हाला दोन आकडे ऐकू येतात. आणि मित्राला आयएसआयचं घ्यायला सांगा, पुलाखाली मिळतं ती टोपी नको.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बाबांना फोन केला. "गाडी नेताना विचारलं नाहीस, आता सही पाहिजे होय?" पुढच्या रविवारी जातोय. एकच राहिलं: गाडी माझ्या नावावर करायचीच आहे, तर ते बेळगावात आधी उरकू की पुण्यात नवा नंबर घेताना एकदमच होतं? कुणी केलंय का?