२७० नॅनोमीटरच्या भरवशावर फिनॉलचं विघटन?

कोराफ्लास्क: शेजारच्या धाग्यावरची कृती वाचून राहवलं नाही. म्हणे क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शेवाळाच्या फ्लास्कमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅम फिनॉल (सांडपाण्यातलं विषारी सेंद्रिय रसायन) घाला, पाच दिवसांनी गाळा, २७० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. घटलं तेवढं शेवाळाने फस्त केलं! उजेडात शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढतं, सामू (पीएच) १० च्या वर जाऊ शकतो. फिनॉलचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मं फिनॉल प्रोटॉन सोडून फिनॉलेट होतं तो, १० च्या आसपास. फिनॉलेट झालं की शोषणाचं शिखर २८७ कडे सरकतं, २७० चा कॅलिब्रेशन कर्व्ह (शोषणावरून प्रमाण काढायचा आलेख) निकामी. शिवाय पेशींनी सोडलेली सेंद्रिय द्रव्यंही तिथेच शोषतात. नमुना आधी सामू २ ला आणा. नायलॉनचा सिरिंज फिल्टर फिनॉल धरून ठेवतो, म्हणून सेंट्रिफ्यूज करा. शेवाळाविना एक फ्लास्क, फिनॉलविना एक, पेशींना नुसतं चिकटलेलं फिनॉल किती ते कळायला मृत पेशींचा एक, प्रत्येकी तीन.

हिरवंपाणी: कृती माझीच आहे. सगळ्यांकडे एचपीएलसी (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारी यंत्रणा) नसते, साहेब.

कोराफ्लास्क: एचपीएलसी मागितली कोणी? फिनॉलशी रंग देणारं ४-अमिनोअँटिपायरीन, पोटॅशियम फेरिसायनाइड, बफर, मग ५१० नॅनोमीटरला रंग मोजा. झालं.

हिरवंपाणी: आणि फिनॉलचाच भाऊबंद पॅरा-क्रेसॉल? त्याला तो रंगच धरत नाही. खऱ्या सांडपाण्यात तुमचं "झालं" खोटं ठरेल.

गाळवाला: मृत पेशी म्हणजे ऑटोक्लेव्ह केलेल्या ना? १२१ अंशांवर पेशी फुटतात, आतलं सगळं बाहेर येतं, चिकटायला जागा वाढते. पेशींना चिकटलेलं फिनॉल फुगतं, विघटन कमी दिसतं. त्यापेक्षा पेशी मारायला सोडियम अझाइड घाला.

कोराफ्लास्क: अझाइडने श्वसन अडतं, पण उजेडात प्रकाशसंश्लेषणातून ऊर्जा मिळत राहू शकते. ही कसली मृत पेशी? आणि ते आम्लात गेलं की हायड्रॅझोइक आम्लाची विषारी वाफ. वर मीच सामू २ सांगितलाय, तेव्हा हे दोन्ही एकत्र करणाऱ्याला देवच वाचवो. सिंकमध्येही ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळीत स्फोटक अझाइड साचतं.

गाळवाला: घाबरवणं सोपं, पर्याय सांगा!

कोराफ्लास्क: जिवंत पेशी, बर्फात, अंधारात, अर्धा तास. चिकटणं लवकर स्थिरावतं, विघटन जवळपास थांबतं. सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला पेशींचा गोळा मिथेनॉलने धुऊन त्यातलंही फिनॉल मोजा.

सीओडीग्रस्त: भांडा निवांत. फिनॉलचा लॉग केओडब्ल्यू (पदार्थ पाण्यापेक्षा तेलकट भागात किती जातो त्याचं माप) १.४६, पेशींना चिकटणार किती? हा वाद फिनांथ्रीनसारख्या पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या रसायनासाठी ठेवा, तिथे तो साडेचारच्या आसपास आहे. कारखान्याला हवा सीओडी (पाण्यातली द्रव्यं रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन), आणि नदीनाल्यात सोडायला फिनॉलिक संयुगांची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. ते कोण मोजणार?

हिरवंपाणी: १०० मिलिग्रॅम फिनॉलचा सैद्धांतिक सीओडी २३८. शेवाळ स्वतःच सेंद्रिय द्रव्यं सोडतं, म्हणून फिनॉल संपलं तरी सीओडी तेवढा उतरेलच असं नाही. तुमचा लाडका आकडाही लंगडाच.

गाळवाला: शेवाळात मिसळलेल्या जिवाणूंचं काय? न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) कल्चरचा थेंब पसरला नसेल तर फिनॉल कोणी खाल्लं ते कळणार नाही. आणि अगार कोरा राहिला म्हणून कल्चर शुद्ध असंही नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

हिरवंपाणी: बरं, सामू २ मान्य. बर्फही मान्य. नायलॉनच्या फिल्टरचं खोकं कोराफ्लास्क यांना भेट पाठवतो.