‘मेश करंट’ला मराठीत काय म्हणावं? जाळी, आस की चक्रधारा

प्रश्न
इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या मराठी टिपणांत ‘मेश करंट अ‍ॅनालिसिस’साठी (परिपथाच्या एकेका घरात फिरणारी धारा मानून परिपथ सोडवण्याची रीत) ‘जाळी प्रवाह विश्लेषण’ असं लिहिलेलं दिसतं. जाळी म्हणजे तर सगळं विणकाम. इथे त्यातलं एकेक घर अभिप्रेत आहे ना? शिवाय काही जण ‘लूप’ आणि ‘मेश’ एकमेकांच्या जागी वापरतात. ते चालतं का?

उत्तर
चालत नाही. परिपथात एका बिंदूपासून निघून, मधला कुठलाही बिंदू दोनदा न घेता, परत तिथेच पोचणारा कुठलाही बंद मार्ग म्हणजे लूप. ज्या लूपच्या पोटात दुसरा लूप नाही तो मेश. शेजारी-शेजारी दोन चौकटी असलेल्या परिपथात लूप तीन, पण मेश दोनच. बाहेरून जाणारा मोठा फेरा लूप आहे, मेश नाही.
याचा परिणाम थेट गणितावर होतो. प्रत्येक फेऱ्याचं एक समीकरण होतं (फेरीतल्या विभवांतरांची बेरीज शून्य, हा किरखॉफचा नियम), आणि बाहेरच्या फेऱ्याचं समीकरण म्हणजे आतल्या दोघांची बेरीजच असते. तीनपैकी कुठलीही दोन घेतली तरी उत्तर येतं, पण तिसरं नवीन काही सांगत नाही. दोन अज्ञातं असताना तिन्ही लिहिली की शेवटी ० = ० उरतं, आणि विद्यार्थी आकडेमोडीत चूक शोधत बसतो.

उत्तर
घरासाठी किनाऱ्यावर शब्द आहे: आस. मासेमारीच्या जाळ्याचं एक घर म्हणजे आस. ‘लहान आसाची जाळी’ असं सर्रास म्हणतात. अर्थाने हा शब्द चपखल बसतो. अडचण एवढीच, की विज्ञानाच्या पुस्तकांत पृथ्वीचा आस आधीच येऊन बसला आहे.

उत्तर
जुन्या पुस्तकांत या रीतीला मॅक्सवेलची फिरत्या धारांची पद्धत असंही म्हटलेलं आढळतं. म्हणून मेश करंटला ‘चक्रधारा’ म्हणावं असं मला वाटतं. शालेय पुस्तकांतले विद्युतधारा, रोध, विभवांतर, परिपथ हे शब्द मुलांना माहीत असतात; त्यांच्या रांगेत हा शब्द सहज बसतो. (विश्वकोशात परिपथाला ‘विद्युत् मंडल’ म्हटलं आहे, तेही चांगलं आहे.) मेशला मात्र मेशच म्हणावं. वर्गात सगळे तेच म्हणतात.
‘चक्र’ हवं याचं कारण असं, की ही धारा आपण मानलेली असते: मेशच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारणारी. प्रत्यक्ष शाखेतली धारा वेगळी असू शकते. उदाहरण घ्या. डाव्या मेशमध्ये १२ व्होल्टची बॅटरी (धन टोक वर) आणि २ ओहम, उजव्या मेशमध्ये ३ ओहम, आणि दोघांच्या मधल्या सामाईक शाखेत ६ ओहम. डावी चक्रधारा क, उजवी ख, दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.
डावा मेश: (२ + ६)क − ६ख = १२
उजवा मेश: −६क + (६ + ३)ख = ०
दुसऱ्यावरून ख = २क/३. ते पहिल्यात घातलं की ४क = १२, म्हणजे क = ३ अँपिअर, ख = २ अँपिअर.
आता ६ ओहममधून किती? इथे ‘३’ लिहिणारे असतात, ‘२’ लिहिणारे असतात, काही तर ५ लिहितात. उत्तर १ अँपिअर, खालच्या दिशेने. दोन्ही चक्रधारा एकाच दिशेने फिरत असल्या तरी सामाईक शाखेत त्या समोरासमोर येतात, म्हणून वजाबाकी. कडेच्या शाखांत मात्र चक्रधारा आणि खरी धारा एकच. तिथे अ‍ॅमीटर ३ आणि २ दाखवील. पडताळा: १२ − २×३ = ६ व्होल्ट, १×६ = ६, २×३ = ६. जुळलं.

प्रश्न
ऋण उत्तर आलं तर दिशा चुकली म्हणून पुन्हा सोडवायचं का?

उत्तर
अजिबात नाही. वरच्याच परिपथात ३ ओहमच्या पुढे १८ व्होल्टची बॅटरी लावा, धन टोक वर, म्हणजे ख ला विरोध करणारी. उजव्या समीकरणात ० च्या जागी −१८ येतं आणि क = ०, ख = −२ मिळतं. ऋण म्हणजे धारा मानलेल्या दिशेच्या उलट, इतकंच. मधल्या शाखेत ० − (−२) = २ अँपिअर खाली, ६ ओहमवर १२ व्होल्ट, म्हणून डाव्या बॅटरीतून काहीच वाहत नाही. अर्ध्या वाटेत चिन्ह किंवा बाण बदलला तर मात्र सगळं बिघडतं. सगळ्या चक्रधारा एकाच दिशेने धरण्याची सवय ठेवावी: स्वतःच्या मेशमधल्या रोधांची बेरीज धन, सामाईक रोध ऋण, हे मग पाहूनच लिहिता येतं.

प्रश्न
‘सुपरमेश’ला काय म्हणायचं? ‘महामेश’ वाचून काही बोध होत नाही.

उत्तर
‘जोडमेश’. दोन मेशच्या सामाईक शाखेत धारास्रोत (ठरावीक धारा देणारा स्रोत) असेल तर त्याच्यावरचं विभवांतर आधी माहीत नसतं, त्यामुळे त्या शाखेतून केव्हीएल (वर आलेला किरखॉफचा विभवांतराचा नियम) लिहिता येत नाही. अनेक जण तिथे शून्य धरतात. ती मोठी चूक. दोन्ही मेश जोडून बाहेरून फिरायचं आणि स्रोताची अट वेगळी लिहायची. वरच्या पहिल्या परिपथात ६ ओहम काढून १ अँपिअरचा, खाली ढकलणारा स्रोत ठेवा:
२क + ३ख = १२
क − ख = १
पुन्हा क = ३, ख = २. ६ ओहममधून १ अँपिअरच जात होता, म्हणून बाकीच्या परिपथाला फरक पडला नाही. स्रोतावर ६ व्होल्ट आहेत हे शेवटी कळतं. धारास्रोत कडेच्या शाखेत असेल तर जोडमेश नकोच; ती चक्रधारा आयतीच हातात येते.

उत्तर
एक मर्यादा ‘मेश’ या शब्दातच आहे. ‘पोटात’ म्हणायचं तर परिपथ तारा न ओलांडता कागदावर काढता यायला हवा, म्हणजे प्रतलीय हवा. व्हीटस्टन सेतू (चार रोधांची चौकट आणि मध्ये गॅल्व्हनोमीटर) कधी फुलीसारखा काढतात, पण तो प्रतलीयच: शाखा ६ (बॅटरीची धरून), संधी (शाखा जिथे मिळतात ते बिंदू) ४, मेश ६ − ४ + १ = ३. पाच बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू इतर चारही बिंदूंना रोधाने जोडला तर शाखा १०, स्वतंत्र लूप ६, पण मेश हा शब्दच लागू होत नाही. तिथे लूप निवडून घ्यावे लागतात किंवा संधी-विभवाची पद्धत (प्रत्येक संधीचं विभव अज्ञात धरून) वापरावी; तिची समीकरणं ५ − १ = ४ च. परिपथ संगणकावर सोडवणारा, बर्कलीहून आलेला स्पाइस हा प्रोग्रॅमही संधींच्याच पद्धतीवर बेतलेला आहे; संधी मोजायला परिपथ प्रतलीय आहे की नाही हे पाहावं लागत नाही.